टोळी, ठेकेदार आणि ॲप

'गिग' या शब्दाला मराठीत प्रतिशब्द नाही, असे अनुवादाच्या कामात मला वारंवार ऐकावे लागते. मला ते पटत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जॅझ वादकांच्या बोलीत हा शब्द रूढ झाला. वादक कोणा एका क्लबच्या नोकरीत नसे. बोलावणे आले की जायचे, रात्रभर वाजवायचे, पैसे घेऊन निघायचे. अशा एका रात्रीच्या कामाला तो गिग म्हणे. या व्यवहाराला आपल्याकडे जुना शब्द आहे : सुपारी. मुंबईच्या गुन्हेगारी जगाने तो पळवण्याआधी तो तमाशाचा, बँडचा, जागरण-गोंधळाचा शब्द होता आणि गावाकडे अजूनही आहे. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या जत्रा कमिट्यांचे लोक तिथे येतात, फडमालकाशी बोली करतात, तारीख ठरवतात आणि इसार देतात. सुपारी फुटली.

या व्यवहारात नोकरी नाही, पेन्शन नाही, पुढच्या वर्षीची हमी नाही. तरीही त्यात एक गोष्ट आहे. काम कोणी दिले हे फडमालकाला ठाऊक असते. पावसाने खेळ मोडला, तर भांडायचे कोणाशी हेही ठाऊक असते. मात्र फडातला ढोलकीवाला किंवा नाचणारी बाई यांची गोष्ट वेगळी. त्यांनी फडमालकाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते. त्यांना काम गाव देत नाही, फड देतो. काम आणि हात यांच्यामध्ये कोणीतरी उभा असतो आणि त्या उभ्या राहण्याचे मोल तो वसूल करतो. गिग अर्थव्यवस्थेचा इतिहास लिहायचा तर तो मोबाइल फोनपासून सुरू करून चालणार नाही. मधे उभ्या राहणाऱ्या या माणसापासून तो सुरू करावा लागेल.

मी हे लिहिते आहे ते भिलईतून, हथखोजच्या जवळून. हथखोज हा भिलईचा भारी औद्योगिक भाग. पोलाद कारखान्याला लागणारे सुटे भाग, ओतकाम, फॅब्रिकेशन, रोलिंग अशी कामे करणारे लहान-मोठे कारखाने इथे आहेत. मराठी कानाला या नावात 'हात' आणि 'शोध' असे दोन्ही ऐकू येतात. ही व्युत्पत्ती नव्हे, नुसता कानाचा खेळ आहे. पण सकाळी कारखान्यांच्या फाटकांसमोरची गर्दी पाहिली की तो खेळ सुचतोच. मराठी माणसे इथे कशी, असे वाचकाला वाटेल. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. पुढे 1956 पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानीही नागपूरच होती. राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग मध्य प्रदेशात राहिला, तेव्हा आमच्या लोकांच्या मधून सीमा गेली. पण रेल्वेगाडी तीच राहिली. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी भिलईच्या कारखान्याचा करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि भंडारा-गोंदियाकडची अनेक कुटुंबे कामाच्या शोधात इकडे आली. माझे कुटुंब त्यांपैकी एक.

छत्तीसगडच्या शहरांत रोजंदारीचे मजूर जिथे सकाळी उभे राहतात त्या जागेला 'चावडी' म्हणतात. मराठी वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे चावडी म्हणजे गावचा कारभार चालतो ती जागा. पाटील-तलाठी तिथे बसणार, गावकऱ्याला तिथे बोलावणे येणार. इथे चावडीवर बोलावणे यावे म्हणून माणसे पहाटेपासून उभी असतात. मुंबईत याच जागेला नाका म्हणतात, नागपूरकडे ठिय्या, पुण्यात मजूर अड्डा. चारही शब्द जागेचे आहेत. काम मिळण्यासाठी आधी एका ठरलेल्या जागी दिसावे लागते, हे या शब्दांत गृहीत धरलेले आहे. या गृहीताला एक चांगली बाजूही होती. तिथे कामाची वाट पाहणारी दुसरी माणसेही दिसत. आजचा भाव काय, कालचे पैसे कोणी बुडवले, कोणाबरोबर जाऊ नये, ही माहिती त्याच जागी, उभ्या उभ्या हातोहात फिरे.

या मधल्या माणसाचे सर्वात तपशीलवार वर्णन मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात सापडते. तिथे त्याला जॉबर म्हणत. काही खात्यांत त्याला मुकादमही म्हणत. गिरणीमालकाला कोकणातला, घाटावरचा मजूर ओळखीचा नव्हता आणि ओळख करून घेण्याची गरजही वाटत नव्हती. जॉबर गावाकडून माणसे आणी, त्यांना कामावर लावी, त्यांच्या कामावर देखरेख करी आणि मनात आले की काढूनही टाकी. नोकरी लावण्याबद्दल तो दस्तुरी घेई, अडीनडीला कर्ज देई, चाळीत खोली आणि खाणावळीत जागा मिळवून देई. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही श्रम आयोगाने 1931 च्या अहवालात जॉबरच्या या सत्तेवर बोट ठेवले आणि भरती त्याच्या हातून काढून घ्यावी अशी शिफारस केली.

गिरणीत कायम कामगारांखेरीज बदली कामगारांचा मोठा वर्ग असे. कोणी गैरहजर राहिला तर त्याच्या जागी उभा राहायचा तो बदली. रोज सकाळी फाटकावर यायचे, जॉबरने बोट दाखवले तर आत, नाहीतर घरी. 1935 मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली नियंत्रणाची योजना सुरू केली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला निवडक बदली कामगारांना कार्डे द्यायची आणि जागा रिकामी झाली की आधी कार्डवाल्यांमधूनच माणूस घ्यायचा, अशी ती योजना. तिचा हेतू मालकांच्या सोयीचाही होता आणि तिने जॉबर एका दिवसात नाहीसा झाला नाही. पण त्या कार्डामुळे एक नवी गोष्ट घडली. कामाची वाट पाहणाऱ्या माणसाचे नाव पहिल्यांदा एका यादीत आले. त्याआधी तो फक्त जॉबरच्या आठवणीत होता. फाटकावरची गर्दी आणि यादी यांतला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. या लेखात पुढे तो पुन्हा येणार आहे.

भिलईचा पोलाद कारखाना सरकारी होता. तिथल्या कायम कामगाराला घर, शाळा, दवाखाना आणि पगाराचा निश्चित दिवस मिळाला. पण कारखान्याला लागणारे लोहखनिज जिथून येई त्या दल्ली-राजहराच्या खाणींत हाताने खनिज फोडणारे आणि भरणारे हजारो मजूर ठेकेदाराचे होते. खनिज कारखान्याचे, खाण कारखान्याची, माणसे मात्र ठेकेदाराची. आणीबाणी उठल्यावर 1977 मध्ये या मजुरांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ काढला आणि शंकर गुहा नियोगी त्यांचे नेते झाले. पावसाळ्याआधी झोपड्या शाकारायला पैसे मिळावेत, काम नसलेल्या दिवसांचीही काही मजुरी मिळावी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. जूनच्या सुरुवातीला झालेल्या गोळीबारात 11 माणसे मारली गेली. त्यांच्या स्मरणार्थ मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून उभारलेले शहीद हॉस्पिटल 1983 पासून दल्ली-राजहरात चालू आहे.

1990 च्या सुमारास हा लढा भिलईच्या खासगी कारखान्यांच्या पट्ट्यात आला. इथेही तेच कोडे होते. एकाच यंत्रावर वर्षानुवर्षे काम करणारा माणूस कागदावर कारखान्याचा नव्हता, ठेकेदाराचा होता. ठेकेदार बदलला की त्याची सेवा शून्यापासून सुरू व्हायची. जगण्याजोगे वेतन द्या, कायम करा, संघटना केली म्हणून काढून टाकलेल्यांना परत घ्या, या मागण्यांच्या मुळाशी एकच प्रश्न होता : आमचा मालक कोण, ते सांगा. 28 सप्टेंबर 1991 रोजी पहाटे भिलईतल्या घरात झोपेत असताना नियोगींची गोळी घालून हत्या झाली. 1 जुलै 1992 रोजी भिलईच्या पॉवर हाउस स्थानकात रेल्वेमार्गावर बसलेल्या आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात किमान 16 कामगार मरण पावले. हत्येच्या खटल्यात दुर्गच्या सत्र न्यायालयाने 1997 मध्ये काही आरोपींना दोषी ठरवले, 1998 मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले, आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त गोळी झाडणाऱ्याला दोषी धरून जन्मठेप दिली. तेव्हा मी विशीत होते. आमच्या घरी वर्तमानपत्राचा तो अंक बरेच दिवस टेबलावर पडून होता.

मालक शोधण्याचा हा रस्ता कायद्यानेही चालून पाहिला. कंत्राटी कामगारांसाठीचा केंद्रीय कायदा 1970 चा. त्याच्या नावात नियमन आणि निर्मूलन असे दोन्ही शब्द आहेत. 1978 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एका केरळी दोर कारखान्याच्या खटल्यात म्हटले की कागदी पडदा बाजूला सारला की खरा मालक दिसतो : ज्याच्या धंद्यासाठी माल तयार होतो, ज्याने हात आखडला तर मजुराची चूल विझते, तो मालक. हा निकाल बरीच वर्षे कामगारांचा आधार होता. मग 30 ऑगस्ट 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल आला. त्यात एक पक्ष होता स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया, म्हणजे भिलई कारखान्याचीच मालक कंपनी. एखाद्या कामात कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कंत्राटी कामगार आपोआप मूळ आस्थापनेचा कामगार होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. कंत्राट निव्वळ देखावा होते हे सिद्ध केले तरच तो होईल. सिद्ध करायचे कामगाराने, ज्याच्याकडे बहुधा हजेरीचा कागदही नसतो.

या रस्त्याच्या शेजारून आणखी एक रस्ता जातो. तो महाराष्ट्रात तयार झाला आणि त्याला नाव मराठी आहे. मुंबईच्या गोदामांत, लोखंड बाजारात, धान्य बाजारात डोक्यावर ओझी वाहणारे ते माथाडी. त्यांतले बरेचसे सातारा-सांगलीकडून आलेले. सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक, दुपारी दुसऱ्याचा, संध्याकाळी तिसऱ्याचा. टोळीने काम करायचे, नगावर किंवा वजनावर मजुरी घ्यायची, मुकादमाने वाटून द्यायची. दिवसभरात पाच मालक असणाऱ्याचा मालक कोण? न्यायालयात विचारले असते तर पाचही जणांनी हात वर केले असते. अण्णासाहेब पाटलांनी या मजुरांना संघटित केले. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत 1950 च्या दशकापासूनच हमालांमध्ये काम करत होती. या रेट्यातून 1969 मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला.

त्या कायद्याने मालक कोण हा प्रश्न सोडवला नाही. त्याला वळसा घातला. त्याने म्हटले, ओझे उचलले गेले एवढे पुरे. प्रत्येक बाजारासाठी एक मंडळ असेल. त्यावर व्यापारी, कामगार आणि सरकार यांचे प्रतिनिधी असतील. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंदणी करायची, मजुरानेही करायची. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. मंडळ दरमहा मजुराच्या खात्यात मजुरी जमा करील आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, दवाखाना यांची सोय करील. सकाळच्या व्यापाऱ्याकडून आलेला निधी आणि संध्याकाळच्या व्यापाऱ्याकडून आलेला निधी एकाच माणसाच्या नावावर साठू लागला. ज्याला कोणी आपला म्हणत नव्हते, त्याच्या म्हातारपणाची तजवीज प्रत्येक पोत्याबरोबर होऊ लागली. याच विचाराचे एक पूर्वरूप 1948 च्या गोदी कामगार कायद्यात होते. पण ते बंदरापुरते. माथाडी कायद्याने तो विचार बाजारात आणला.

या व्यवस्थेचे गोडवेच गायला हवेत असे नाही. मंडळांच्या कारभाराबद्दल तक्रारी आहेत, माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांबद्दल उद्योजकांची ओरड आहे, आणि नोंदणीचे बिल्ले विकले जातात असे आरोपही होत आले आहेत. जिथे काम मिळण्याचे दार असते तिथे दरवान पैसे मागतोच. जॉबरच्या काळापासून हेच चालत आले आहे. तरीही माथाडी कायद्याचे दोन पाय नीट पाहायला हवेत. एक पाय निधीचा. दुसरा यादीचा. मजुराचे नाव मंडळाच्या नोंदवहीत असे, टोळी कोणत्या बाजाराची हे ठरलेले असे, मजुरीचा दर बोलणी करून ठरे आणि मजुरी मंडळाच्या हातून जाई. एखाद्या व्यापाऱ्याला आज एक माणूस आवडला नाही म्हणून तो माणूस व्यवसायातून पुसला जात नसे.

आता ॲपकडे येऊ. हथखोजच्या आसपास राहणारी तरुण मुले दिवसा एखाद्या कारखान्यात ठेकेदाराच्या हजेरीवर असतात आणि संध्याकाळी मोटारसायकल काढून जेवणाची किंवा किराण्याची डिलिव्हरी करतात. काम शोधायला चावडीवर जावे लागत नाही. आधार, पॅन, गाडी चालवण्याचा परवाना, बँकेचे खाते एवढे फोनवर भरले की आयडी मिळते. ओळख लागत नाही, वशिला लागत नाही, जात विचारली जात नाही. दस्तुरी मागणारा जॉबर तिथे दिसत नाही. ही सोय खरी आहे आणि ती हलकी लेखू नये. ठेकेदाराच्या दारात ताटकळलेल्या माणसाच्या मुलाला ती विशेष कळते. पण जॉबरची सर्व कामे ॲप करतेच : माणसे गोळा करणे, काम वाटणे, देखरेख, दंड, बक्षीस आणि हकालपट्टी. दर कोणता, हे तेच ठरवते. कोणत्या ऑर्डरी कोणाला, हेही.

आमच्या शेजारचा एक मुलगा, गोंदियाकडचा, गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे फोन घेऊन आला. मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते एवढे त्याला ठाऊक होते.

"काकू, माझी आयडी बंद झाली."

"कोणी बंद केली?"

"कोणी म्हणजे? झाली न बंद."

फोनवर संदेश होता, की त्याचे खाते निष्क्रिय करण्यात आले आहे. मी वाक्य दोनदा वाचले. अशी वाक्ये मीही लिहिते. एका एजन्सीमार्फत मला अशाच कंपन्यांचे मजकूर मराठीत करण्याचे काम मिळते. दर शब्दावर पैसे, काम आले तर आले. 'करण्यात आले आहे' ही आपल्या सरकारी मराठीची लाडकी रचना आहे. कर्ता लिहावा लागत नाही. मुकादम म्हणायचा, "उद्या येऊ नको." त्या वाक्यातही कर्ता नाही, पण ते कोणाच्या तरी तोंडून यायचे. त्या तोंडाकडे पाहून विचारता यायचे, का येऊ नको? त्या मुलाने मदतीचे बटण दाबले. तिथून त्याला उत्तरादाखल तेच वाक्य परत आले.

त्या मजकुरांसोबत येणाऱ्या शब्दसूचीत आणखी एक नियम असतो. डिलिव्हरी करणाऱ्याला 'पार्टनर' म्हणायचे. 'कामगार' चालणार नाही, 'कर्मचारी' तर नाहीच. 'भागीदार' असा अनुवाद मी एकदा सुचवला तर तोही नको म्हणाले. त्याचे कारण उघड आहे. आपल्याकडे 1932 पासून भागीदारीचा कायदा आहे आणि त्यात भागीदार म्हणजे नफ्यात वाटा असलेला माणूस. मराठीत भागीदार म्हटले की वाचणारा लगेच विचारील, माझा भाग कुठला? 'पार्टनर' देवनागरीत लिहिला की तो प्रश्न उठत नाही. परका शब्द कधी कधी अर्थ सांगण्यासाठी येत नाही, अर्थ बाहेर ठेवण्यासाठी येतो. ठेकेदाराच्या कागदावर माणूस निदान ठेकेदाराचा होता. पार्टनर हा कोणाचाच नाही. तो स्वतःच स्वतःचा धंदा आहे, असे कागद म्हणतो.

नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालानुसार 2020-21 मध्ये देशात 77 लाख गिग कामगार होते आणि 2029-30 पर्यंत ते 2.35 कोटी होतील असा त्यांचा अंदाज आहे. एवढ्या माणसांना कायद्याच्या बाहेर ठेवता येणार नाही, हे सर्वांनाच दिसू लागले. पुन्हा दोन्ही रस्ते समोर आले. लंडनमध्ये मालक शोधण्याचा रस्ता घेतला गेला. 19 फेब्रुवारी 2021 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या चालकांबाबत सांगितले की भाडे कंपनी ठरवते, अटी कंपनी लिहिते, मानांकनावरून चालकाला दूर कंपनी करते. तेव्हा करारात काहीही लिहिलेले असो, हे चालक कायद्याच्या अर्थाने कामगार आहेत. भारताने वळशाचा रस्ता घेतला. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार यांची व्याख्याच मालक-नोकर संबंधाच्या बाहेरची अशी केली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांहून अधिक नाही, निधीत द्यावी असे ठरवले. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आली. त्याआधी जुलै 2023 मध्ये राजस्थानने प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क आणि कामगारांची नोंदणी असा कायदा केला. पोत्यावरची लेव्ही ऑर्डरवर आली. ती राजस्थानच्या विधानसभेत पोहोचण्याच्या 54 वर्षे आधी मुंबईत मांडली गेली होती, याचा उल्लेख मराठी वर्तमानपत्रांत व्हावा तेवढा झाला नाही.

पण माथाडी कायद्याचे दोन पाय होते आणि नव्या कायद्यांनी बहुतांशी एकच उचलला. निधी आला. यादी अर्धीच आली. कामगाराचे नाव सरकारी नोंदीत जाते, त्याला क्रमांक मिळतो. पण काम वाटणारी यादी कंपनीच्या संगणकात राहते आणि त्या यादीतून कोणी, का वगळले, हे विचारण्याचा हक्क तोकडा आहे. कर्नाटकाच्या 2025 च्या कायद्याने इथे एक पाऊल पुढे टाकले. काम बंद करण्याआधी 14 दिवसांची नोटीस आणि लेखी कारण द्यावे लागेल, स्वयंचलित यंत्रणा कामगाराला कशी मोजते याची माहिती द्यावी लागेल, असे तो म्हणतो. छत्तीसगडमधल्या मुलाला त्याचा उपयोग नाही. महाराष्ट्रातल्या मुलालाही नाही, आणि ज्या राज्याने हा विचार पहिल्यांदा कायद्यात लिहिला त्या राज्याबद्दल हे म्हणावे लागते, याचे मला वाईट वाटते.

निधी नको असे मी म्हणत नाही. पाय मोडलेल्या मुलाला विमा मिळाला तर त्याच्या घरची चूल पेटती राहील. परंतु जॉबरच्या काळापासूनचा इतिहास सांगतो की कामगाराचे खरे दुखणे आजारपणाच्या आधी सुरू होते, ज्या सकाळी त्याच्याकडे बोट दाखवले जात नाही त्या सकाळी. 1935 च्या कार्डाने, 1948 च्या गोदी कायद्याने, 1969 च्या मंडळाने, कमी-अधिक, त्या बोटावर नियम घातले. दल्ली-राजहरात आणि भिलईत माणसे मेली ती मजुरीच्या दरासाठी आणि तेवढीच त्या बोटासाठी. आज ते बोट दिसत नाही. म्हणून त्याच्यावर नियम घालण्याची गरज संपली असा अर्थ होत नाही.

माझ्या हाताशी जे आहे ते शब्द. कायदे दिल्लीत, जयपुरात, बंगळूरात लिहिले जातील, पण ते मराठीत येतील तेव्हा माझ्यासारखे कोणीतरी ते लिहील. 'खाते निष्क्रिय करण्यात आले आहे' या वाक्यात कर्ता घालता येतो : 'कंपनीने तुमचे खाते या कारणासाठी बंद केले आहे.' व्याकरणाच्या दृष्टीने ही साधी कर्मणी रचना आहे, शाळेत शिकवतात. ते लिहिणे कंपनीवर बंधनकारक व्हावे, एवढे एकच कलम एखाद्या कायद्यात आले, तरी शेजारच्या मुलाला फोन कोणाला करायचा हे कळेल. मग भांडण सुरू होईल. माथाडींचेही तिथूनच सुरू झाले होते.